खचत्या कड्यांचा मुलूख

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायरच्या अगदी आग्नेय टोकाला, किल्नसी नावाचे एक लहानसे गाव आहे आणि त्या गावातील ‘ब्लू बेल’ या जुन्या मद्यगृहाच्या भिंतीत एक पाटी बसविलेली आहे. इमारत १८४७ साली बांधली आणि ती समुद्रापासून ५३४ यार्डांवर आहे, एवढाच तिच्यावरील मजकूर. इमारतीवर बांधकामाचे साल कोरण्याची रीत सर्वत्रच आहे. बांधविणाऱ्याचे नाव, देवाचे नाव, क्वचित खर्चाचा आकडा, हेही आपल्याकडील वाड्यांवर आणि घाटांवर वाचायला मिळते. परंतु घरापासून समुद्र किती दूर आहे याची नोंद भिंतीत करून ठेवावी असे ज्या गृहस्थाला वाटले, त्याला आपण कसल्या भूमीवर पाया घालीत आहोत याची पुरती जाणीव असली पाहिजे. त्या ५३४ यार्डांपैकी, म्हणजे सुमारे ४८८ मीटरांपैकी, आज निम्मेही अंतर शिल्लक राहिलेले नाही.

फ्लॅम्बरोच्या खडूच्या भूशिरापासून दक्षिणेस स्पर्नच्या वाळूच्या दांड्यापर्यंत पसरलेला, साठ किलोमीटरांच्या आसपास लांबीचा हा किनारा होल्डरनेस या नावाने ओळखला जातो, आणि युरोपातील सर्वांत वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांत त्याची गणना होते. वर्षाला सरासरी दीड ते दोन मीटर हा त्याचा मागे सरण्याचा वेग. सरासरी म्हणण्याचे कारण असे, की एखाद्या ठिकाणी चार-पाच वर्षे ढेकूळही हलत नाही आणि मग एकाच हिवाळ्यात दहा मीटर जमीन नाहीशी होते. रोमन अंमलापासून आजपर्यंत सुमारे पाच किलोमीटर रुंदीची पट्टी आणि तिच्यावर वसलेली तीसेक गावे समुद्रात गेली, असा अंदाज अभ्यासकांनी केला आहे. आपल्या महसुली दप्तरांत बेचिराग मौज्यांची नोंद असते. पण तेथे वस्ती उठली तरी जमीन, शीव आणि एखादे पडके देऊळ तरी मागे राहते. होल्डरनेसच्या बुडीत गावांची शीवसुद्धा आता होडीतूनच दाखवावी लागेल.

ही भूमी मुळात समुद्राचीच होती. शेवटच्या हिमयुगापूर्वी समुद्राच्या लाटा आजच्या किनाऱ्याच्या पुष्कळ आत, ब्रिडलिंग्टनजवळच्या स्यूअर्बीपासून ड्रिफील्ड आणि बेव्हर्ली यांच्या बाजूने हंबर नदीच्या मुखाजवळील हेसलपर्यंत गेलेल्या खडूच्या एका उंच कड्यावर आदळत असत, आणि तो प्राचीन कडा आजही शेतांखाली गाडलेला आहे. सुमारे १८,००० वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमाच्या प्रचंड थरांनी वाटेतले डोंगर खरवडून आणलेली माती, वाळू, गोटे आणि धोंडे या कड्यासमोर ओतले, पुढे हिम वितळले, आणि मागे राहिलेल्या त्या राशीलाच लोकांनी नांगर लावला. म्हणजे होल्डरनेस हे खडकाचे नव्हे, तर दगडगोटे मिसळलेल्या चिकणमातीचे बनलेले आहे. त्याचे कडे काही ठिकाणी तीन मीटरांहून ठेंगणे, तर डिमलिंग्टनच्या बाजूला तीस मीटरांच्या वर गेलेले आहेत. परंतु ठेंगणा काय आणि उंच काय, पावसाळी दिवसांत त्यावर अंगठा दाबला तर ठसा उमटावा इतकीच त्याची कठीणता.

हरिहरेश्वरच्या काळ्या कातळावर फुटणाऱ्या लाटा पाहत वाढलेल्या वाचकाला कड्याची ही जात चटकन डोळ्यांपुढे येणार नाही. तेथेही समुद्र खडक कोरतोच. कपारी, कमानी आणि सपाट ओटे ही त्याचीच कारागिरी. पण अग्निजन्य काळ्या पाषाणावर त्याला जे काम करायला शतकानुशतके लागतात, ते मऊ मातीच्या कड्यावर एखाद्या वादळी रात्रीत उरकते. आणि काम केवळ जलद होते असे नाही, ते निराळ्याच रीतीने होते, हा या विषयातला खरा मर्माचा भाग आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की समुद्र कड्यावर धडका मारतो आणि कडा ढासळतो. यात असत्य काही नाही, मात्र हे अर्धेच सत्य आहे. लाटा कड्याच्या पायथ्याशी असलेला आधार काढून घेतात हे खरे; परंतु माथ्याकडून आत शिरणारे पावसाचे पाणी जर आपले काम करीत नसते, तर हा ऱ्हास पुष्कळच मंदावला असता. उन्हाळ्यात चिकणमाती वाळते आणि कड्याच्या काठाला समांतर अशा भेगा तिच्यात पडतात. हिवाळ्याचा पाऊस त्या भेगांतून खाली उतरतो. दोन चिकण थरांच्या मध्ये कोठे वाळूचा पातळ थर सापडला तर तो पाण्याने तुडुंब होतो, कारण खालची माती त्याला आणखी खाली जाऊ देत नाही. मातीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून लोटू लागतो, आणि ज्या घर्षणाच्या बळावर एवढा मोठा कडा उभा असतो ते घर्षणच क्षीण होत जाते. मग एके दिवशी, कित्येकदा वारा पडलेला आणि समुद्र शांत असताना, माथ्यावरचा एक लांबट तुकडा अंगावरच्या गवतासह खाली बसतो.

तो सरळ कोसळत नाही. आतील घसरणीचा पृष्ठभाग वाटीच्या बुडासारखा वक्र असल्यामुळे तुकडा खाली जाताना मागे झुकतो, त्याचा माथा कड्याकडे कलतो, आणि त्या खोबणीत पावसाचे पाणी साठून डबके तयार होते. डबक्यातले पाणी पुन्हा घसरणीच्या वाटेत झिरपते आणि पुढच्या हालचालीची तयारी करून ठेवते. खालच्या बाजूला तोच तुकडा फुटून चिखल होतो व पुळणीवर पसरतो. या चिखलाच्या राशीमुळे काही महिने, कधी एक-दोन वर्षे, कड्याच्या पायथ्याला लाटांपासून आडोसा मिळतो. गाव निःश्वास टाकते. पण उधाणाच्या भरत्या ती रास हळूहळू धुऊन नेतात, पायथा पुन्हा उघडा पडतो, आणि सगळा क्रम पहिल्यापासून सुरू होतो. घसरण घडते त्या दिवशी समुद्राला दोष द्यावा तर तो तेथे नसतो, आणि समुद्र आपले काम करीत असतो तेव्हा वर काहीच घडत नाही. कारण आणि कार्य यांच्यातील या अंतरामुळेच माथ्यावर घर असलेला माणूस फसतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होल्डरनेसच्या थोडे उत्तरेला, तशाच हिमयुगीन मातीच्या कड्यावर वसलेल्या स्कारबरो येथे घडले. १८७९ साली बांधलेले होलबेक हॉल हे तेथील एक प्रतिष्ठित हॉटेल, कड्याच्या काठापासून चांगले मागे, मध्ये बगीचा आणि हिरवळ. १९९३ च्या जून महिन्यातील ३ तारखेच्या रात्री समोरची जमीन सरकू लागली. सकाळी हिरवळीचा बराच भाग जागेवर नव्हता. पाहुण्यांना तातडीने बाहेर काढण्यात आले, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत इमारतीचा समुद्राकडील भाग खाली गेला. सुमारे १० लक्ष टन माती निसटली, कडा सत्तरेक मीटर मागे आला, आणि चिखलाचा लोट पायथ्यापासून शंभर मीटरांहून अधिक पुढे समुद्रात पसरला. त्या आधीच्या दोन महिन्यांत पाऊस बराच झाला होता आणि कड्याच्या पोटातल्या पाण्याचा निचरा झालेला नव्हता. जीवितहानी झाली नाही, हे केवळ सुदैव.

यानंतर जो मामला न्यायालयात गेला, तो कायद्याच्या अभ्यासकांना आजही महत्त्वाचा वाटतो. हॉटेल आणि समुद्र यांच्या मधली उतरती जमीन नगरपालिकेच्या मालकीची होती. हॉटेलच्या जमिनीला खालून मिळणारा आधार नगरपालिकेने राखला नाही, १९८२ आणि १९८६ साली तेथे लहान घसरणी झालेल्या असूनही पुरेशी चौकशी केली नाही, अशी हॉटेलमालकांची कैफियत. पहिल्या न्यायालयाने दावा मान्य केला. अपील न्यायालयाने २००० साली तो फिरविला. निसर्गतः उद्भवणाऱ्या धोक्याबाबतही शेजाऱ्याविषयी काही एक कर्तव्य जमीनमालकावर असते हे न्यायाधीशांनी मान्य केले, परंतु ते कर्तव्य मर्यादित आहे, आणि एवढ्या प्रचंड घसरणीची कल्पना विस्तृत भूगर्भीय तपासणीवाचून नगरपालिकेला येणे शक्य नव्हते, म्हणून ती जबाबदार नाही, असा निर्णय दिला. मला हा निर्णय तर्काला धरून वाटतो, पण त्याचा एक परिणाम विचित्र आहे: ज्याने तपासणी केली त्याला धोका कळतो आणि म्हणून जबाबदारी येते, ज्याने केली नाही तो मोकळा, असा अर्थ कोणी काढला तर त्याला अगदीच चूक म्हणता येणार नाही.

पोटातले पाणी कडा पाडते, याचा दाखला भारतातही आहे. केरळमधील वर्कला येथे अरबी समुद्राला थेट भिडलेला कडा उभा आहे. वर जांभा, त्याखाली ठिसूळ वालुकाश्म, त्याखाली लिग्नाइटचे अंश असलेली चिकणमाती, अशी त्याची रचना. वरून मुरलेले पाणी चिकणमातीवर अडते आणि कड्याच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पापनाशम् पुळणीवर पितरांच्या बळीसाठी येणारे भाविक ज्या झऱ्यांना पवित्र मानतात, तेच झरे भूशास्त्रज्ञाच्या लेखी कड्याच्या दुर्बलतेची खूण आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या कड्याला भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. त्याच कड्याच्या माथ्यावर उपाहारगृहांची आणि निवासगृहांची रांग उभी आहे, आणि तेथेही दरडी कोसळतात. रत्नागिरीकडील वाचकाला जांभा आणि त्याखालची चिकणमाती ही जोडी अपरिचित वाटू नये. तेथेही विहिरी खोदताना जांभ्याखाली लिग्नाइट असलेली माती लागल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत.

पुन्हा होल्डरनेसकडे येऊ. तेथील अधिकाऱ्यांनी एक काम मात्र मनापासून केले, ते म्हणजे मोजणी. १९५१ पासून किनाऱ्यावर सुमारे अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरवर खांब रोवून प्रत्येक खांबापासून कड्याच्या काठापर्यंतचे अंतर नियमितपणे मोजण्याचा प्रघात पडला. काठ फार जवळ आला की खांब उपटून मागे शेतात नवा रोवायचा आणि दप्तरात तशी नोंद करायची. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने आणि विमानातून सोडलेल्या लेसर किरणांनी हेच काम होऊ लागले. या दीर्घ नोंदींमुळे एक मौजेची गोष्ट स्पष्ट झाली. येथील पुळण सर्वत्र सारख्या जाडीची नसते. मधूनमधून तिच्यात सखल पट्टे असतात, ज्यांना तिकडे ‘ऑर्ड’ म्हणतात. तेथे वाळूचे पांघरूण इतके विरळ असते की खालची चिकणमाती उघडी पडते आणि भरतीचे पाणी रोजच्या रोज कड्याच्या पायथ्याला भिडते. हे पट्टे स्थिर नाहीत. वर्षाला साधारण अर्धा किलोमीटर या गतीने ते दक्षिणेकडे सरकतात. ज्याच्या शेतासमोर असा पट्टा येतो त्याचा तो वाईट काळ. पट्टा पुढे गेला म्हणजे त्याची सुटका होते आणि शेजाऱ्याची पाळी येते.

वाळू दक्षिणेकडे का जाते, तर मोठ्या लाटा ईशान्येकडून तिरप्या येतात आणि किनाऱ्यावरचा गाळ थोडाथोडा खाली लोटतात. येथे किनाऱ्याच्या जमाखर्चाचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचे मूळ त्यातच आहे. कडा पडतो ती एका गावाची नुकसानी, पण त्याच पडलेल्या मातीतून पुढच्या गावाची पुळण भरते. होल्डरनेसच्या मातीत दोन-तृतीयांशांहून अधिक भाग इतका बारीक आहे की तो पाण्यात तरंगतच हंबरच्या मुखाकडे आणि खुल्या समुद्रात निघून जातो. वाळू आणि गोटे म्हणून किनाऱ्यावर राहणारा भाग थोडाच, आणि म्हणून प्रत्येक पुळण वरच्या कड्यांच्या पतनावर अवलंबून. दक्षिण टोकाचा स्पर्नचा दांडा, पाचेक किलोमीटर लांब आणि जागोजाग अगदी अरुंद, हा सर्वस्वी या आयात वाळूवर जगतो. १२३५ च्या सुमारास त्याच्याजवळ एक वाळूचा उंचवटा पाण्याबाहेर आला; त्यावर प्रथम कोळी, मग व्यापारी वसले; आणि रॅव्हेन्सर ऑड नावाचे भरभराटीचे बंदर उभे राहिले. जाणारी-येणारी गलबते बळजबरीने आपल्याच धक्क्याला आणतात अशी त्या बंदराच्या लोकांविरुद्ध समोरच्या ग्रिम्स्बीकरांची फिर्याद होती. तरीही पहिल्या एडवर्ड राजाने १२९९ साली त्या शहराला सनद दिली. पुढे काही दशकांतच समुद्र शहरात शिरू लागला. दफनभूमीतील प्रेते उघडी पडल्याचे वर्णन म्यूस येथील मठाच्या बखरीत आहे. आणि १३६२ च्या महावादळाच्या सुमारास ते शहर संपले. इतर गावांच्या ढासळलेल्या मातीतून उभे राहिलेले ते शहर त्याच हिशेबात जमेकडून खर्चाकडे गेले.

आता या प्रवाहात मध्येच कोणी बंधारा घातला तर काय होईल? १९९१ साली मॅपल्टन येथे याचे उत्तर मिळाले. पन्नासेक घरांचे ते गाव आणि त्यातून जाणारा किनारी रस्ता वाचविण्यासाठी सुमारे २० लक्ष पौंड खर्चून, नॉर्वेहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांचे दोन बांध समुद्रात आडवे घातले गेले. बांधांनी दक्षिणेकडे जाणारी वाळू अडविली, गावासमोर जाड पुळण तयार झाली, गाव वाचले. पण बांधांपलीकडच्या ग्रेट काउडन भागातली पुळण वाळूअभावी रोडावली, तेथील कड्यांची धूप वाढली, आणि शेतीवाडीची घरे धोक्यात येऊन गेली. अभियंत्यांनी कामात कसूर केली असे नव्हे. काम यशस्वी झाले म्हणूनच हे घडले. त्याच काउडनच्या बाजूला हवाई दलाचे बॉम्बफेकीच्या सरावाचे क्षेत्र होते. ते १९९८ साली बंद झाले, पण मातीत रुतलेले जुने बॉम्ब आता कड्याबरोबर पुळणीवर येऊन पडतात आणि फिरायला येणाऱ्यांना तेथे न जाण्याची ताकीद देणारे फलक लावावे लागतात.

आपल्याकडेही धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी प्रत्येक किनारी गावाकडून होते, आणि गावकऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. तथापि ‘आमच्या गावाला बंधारा’ या मागणीत ‘वाळू कोणाची अडेल’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. होल्डरनेसमध्ये तो विचारला गेला, आणि त्याचे उत्तर किती कठोर असू शकते हे पुढील धोरणावरून दिसते. ब्रिडलिंग्टन, हॉर्नसी, विदर्नसी ही मोठी गावे भिंतींनी राखायची. ईझिंग्टन येथील नैसर्गिक वायूचे केंद्र, जेथे उत्तर समुद्रातून आलेल्या नळवाहिन्या किनाऱ्यावर चढतात, ते १९९९ साली धोंड्यांच्या बांधाने सुरक्षित केले. आणि मधल्या उरलेल्या किनाऱ्याला, म्हणजे मुख्यतः शेतांना आणि विरळ वस्त्यांना, निसर्गाच्या स्वाधीन सोडायचे. हे कडे पडत राहिले तरच भिंतींमागच्या गावांसमोर आणि स्पर्नपर्यंत वाळू पोहोचेल, हे त्यामागचे एक गणित. दुसरे गणित सरळ पैशाचे, वाचणाऱ्या मिळकतीच्या किमतीपेक्षा भिंतीचा खर्च अधिक असेल तर भिंत नाही. स्पर्नलाही कोणी हात लावीत नाही. ५ डिसेंबर २०१३ च्या उधाणात त्याचा मधला भाग फुटला, रस्ता वाहून गेला, आणि मोठ्या भरत्यांच्या वेळी ते टोक आता बेट होते.

कायदा या धोरणाच्या आड येत नाही. इंग्लंडच्या १९४९ च्या किनारा-संरक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना बंधारे बांधण्याचा अधिकार दिला, कर्तव्य म्हणून ते त्यांच्यावर लादले नाही. समुद्राने नेलेल्या घराबद्दल नुकसानभरपाई मिळत नाही. उलट घर पडण्याच्या बेतात आले की मालकाला ते रिकामे करून पाडावे लागते, आणि पाडण्याच्या खर्चापोटी सरकारी अनुदानाची जी तरतूद आहे ती दर घरामागे ६,००० पौंडांपर्यंत. हॉर्नसीच्या भिंतीमागे राहणाऱ्याने कराचा जेवढा पैसा भरला तेवढाच स्किपसीच्या उघड्या कड्यावर राहणाऱ्यानेही भरला, मग एकाला भिंत आणि दुसऱ्याला पाडकामाचे अनुदान हा न्याय कोणता, असे तेथील लोक विचारतात, आणि जमाखर्चाचे शास्त्र कितीही बिनचूक असले तरी या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकत नाही, असे मला वाटते.

अलीकडे तेथील प्रशासनाने एक मधला मार्ग काढला आहे. कड्यावरील घर, शेताचे वाडे किंवा उन्हाळी पाहुण्यांच्या चाकांवरच्या घरांचे तळ आतल्या जमिनीवर हलविण्यास एरवी जी परवानगी मिळाली नसती ती देण्यात येते. चाकांवरच्या घरांना हे सोपे जाते: काठावरची रांग उचलायची, मागच्या शेतात नेऊन लावायची, पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा तेवढ्या नव्याने ओढायच्या. पक्क्या विटांच्या घराचे तसे नाही. त्याच्या मालकाला मागची जमीन मिळवावी लागते, नवे घर बांधावे लागते, जुने पाडावे लागते, आणि हे सारे अशा मिळकतीच्या भरवशावर, जिला गिऱ्हाईक नाही आणि जी गहाण ठेवून घ्यायला कोणतीही पेढी तयार नाही.